बोरीवरून जाणारी रेघ

परभणीहून जिंतूरकडे निघालं की वाटेत आमचं बोरी लागतं. श्रोतेहो, घरी नकाशा असेल तर एक करून बघा. छत्रपती संभाजीनगरचं चिकलठाणा विमानतळ आणि नांदेडचं विमानतळ, या दोन टिंबांवर दोरा ताणून धरा. तो बोरीच्या जवळूनच जाईल.

हा दोरा सुमारे 215 किलोमीटरचा. ताशी 500 किलोमीटरनं उडणाऱ्या पंख्याच्या विमानाला शाळेतल्या गणितानं 26 मिनिटं पुरावीत. पण धावपट्टीच्या टोकाला जायचं, उंची गाठायची, वळसा घेऊन उतरायचं. म्हणजे पाऊण तास धरावा. अंतर जितकं कमी, तितकं हे गणित जास्त चुकतं.

अण्णांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, तरुणपणी मोठं गाव एकच, हैदराबाद. सरकार तिथं, वरचं कोर्ट तिथं. 1900 च्या सुमारास सिकंदराबादहून मनमाडपर्यंत मीटरगेज रेल्वे झाली आणि परभणीला स्टेशन आलं. हैदराबाद किती लांब, असं विचारलं की अण्णा म्हणत, "एक रात्र आणि चार भाकरी." किलोमीटर त्यांनी कधी सांगितले नाहीत.

1945 साली निजाम सरकार आणि टाटा यांनी मिळून डेक्कन एअरवेज काढली. तिची डाकोटा विमानं बेगमपेठहून उडत. आमच्या माणसांच्या वाट्याला मात्र रेल्वेच. 1948 मध्ये संस्थान भारतात विलीन झालं, 1953 मध्ये ही कंपनी इंडियन एअरलाइन्समध्ये गेली, आणि 1956 मध्ये मराठवाडा मुंबई राज्याला जोडला गेला. राजधानी बदलली तशा आमच्या वाटाही वळल्या. कोर्टकचेरीसाठी माणसं मुंबईकडे जाऊ लागली; नातीगोती मात्र हैदराबादलाच राहिली.

माझी थोरली बहीण त्यांतलीच.

2008 मध्ये गुरु-ता-गद्दीच्या त्रिशताब्दीच्या निमित्तानं नांदेडचं विमानतळ नव्यानं सजलं. 27 एप्रिल 2017 रोजी 'उडान' योजनेतली पहिली विमानं निघाली, त्यांत नांदेड–हैदराबाद हे एक होतं. पुढच्या वर्षी ताई अंथरुणाला खिळल्याचा निरोप आला, तेव्हा मी आयुष्यात पहिल्यांदा विमानात बसलो.

त्या दिवसाचा हिशेब सांगतो. बोरी ते नांदेड सुमारे 100 किलोमीटर. रस्ता उखडलेला, जवळजवळ तीन तास गेले. विमानतळावर दीड तास. विमानात एक तास. शमशाबादहून ताईच्या घरापर्यंत पुन्हा दीड तास. एकूण सात. त्यातला एकच तास हवेतला.

ती सेवा पुढं बंद पडली, 2024 मध्ये दुसऱ्या कंपनीनं नांदेडहून विमानं पुन्हा सुरू केली. नवे मार्गही निघाले. हैदराबाद, पुणे, दिल्लीच्या बाजूला. पण मराठवाड्यातली ही दोन विमानतळं एकमेकांना जोडणारं विमान काही माझ्या पाहण्यात आलं नाही. आमच्या रेघा कायम राजधान्यांकडे ओढल्या गेल्या. शेजाऱ्याकडे जायला एस.टी. आणि रेल्वेच.

ताईनं डोळे उघडले, मला ओळखलं. म्हणाली, "अण्णांना यायला रात्र लागायची रे. तुला किती लागला वेळ?"

मी म्हणालो, "तासभर."

तिला बरं वाटलं. खरा हिशेब मी आज पहिल्यांदा सांगतो आहे.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)