अफूची जमा आणि जीवरक्षणाचा खर्च

राज्याची नीति त्याच्या जाहीरनाम्यांपेक्षां जमाखर्चांत अधिक स्पष्ट दिसते, हें जुनीं दप्तरें चाळणाऱ्यांस सांगावयास नको. मादक द्रव्याची अतिमात्रा व आत्महत्या यांपासून प्रजेचें रक्षण करण्यास सरकारनें पैसा कोठून आणावा, हा प्रश्न केवळ आजचा समजला जातो. त्याचें एक मूळ मुंबई इलाख्याच्या अफूच्या हिशेबांत आहे, असें आमचें मत आहे. तें येथें संक्षेपानें मांडितों.

प्रथम जमेची बाजू पाहूं. माळव्यांतील अफू मुंबई बंदरांतून चीनकडे जाई व कंपनी सरकार तिजवर परवान्याची रक्कम घेई. १८३५ सालीं हा दर पेटीस १२५ रुपये होता. १८४३ सालीं सिंध प्रांत कंपनीच्या हातीं आल्यावर कराचीवरून दमणकडे जाणारी वाट बंद झाली, आणि १८४७ पर्यंत दर ४०० रुपयांवर गेला. १८८० च्या सुमारास हिंदुस्थान सरकारच्या एकंदर उत्पन्नाचा सातव्या हिश्शाच्या आसपासचा भाग अफूचा होता.

आतां खर्चाची बाजू. चीनच्या व्यापारांत, ज्यांत अफूचा वांटा मोठा होता, सर जमशेटजी जिजीभाई यांनीं संपत्ति मिळविली. त्यांच्या देणगीनें उभारलेल्या रुग्णालयाची कोनशिला ३ जानेवारी १८४३ रोजीं बसली; १८४५ सालीं रुग्णालय व ग्रँट मेडिकल कॉलेज सुरू झालें. पुढें या कॉलेजांत रसायनशास्त्र शिकविणारे डॉ. लायन हेच मुंबई सरकारचे रासायनिक पृथक्करणकार होते. संशयित मृत्यूंतील विषें तपासण्याचें काम त्यांजकडे असे, आणि त्या काळीं आत्महत्येच्या विषांत अफू प्रमुख होती. म्हणजे ज्या व्यापाराच्या पैशानें संस्था उभी राहिली, त्याच मालाचे बळी तिच्या अध्यापकांपुढें तपासणीस येत.

सरकारचा स्वतःचा खर्च मात्र बहुतांशीं मृत्यूनंतरचा होता. १८६० च्या दंडविधानाच्या ३०९ व्या कलमानें आत्महत्येच्या प्रयत्नास एक वर्षापर्यंत साधी कैद ठेविली. १८७१ च्या कायद्यानें मुंबईच्या कॉरोनरचें काम नियमबद्ध झालें. १८७८ च्या कायद्यानें अफूची विक्री व बाळगणूक परवान्याखालीं आली, हें बंधन खरें. परंतु त्याच परवान्यांतून उत्पन्नहि येई. १८९३ सालीं नेमलेल्या शाही कमिशनानें १८९५ सालीं बंदीच्या विरुद्ध मत दिलें. तेव्हां महसुलाचा विचार त्याच्या डोळ्यांआड नव्हता. मुंबईच्या गिरण्यांत जाणाऱ्या आया तान्ह्या मुलांस निजविण्यासाठीं अफूची बाळगोळी देत, व मात्रा चुकल्यास मूल दगावे. १९२९–३१ च्या मजूर कमिशनासहि या चालीची दखल घ्यावी लागली.

जमा व खर्च एका खात्यांत येण्यास फार काळ लागला. १९८५ सालीं अमली पदार्थांचा नवा कायदा होऊन जुने अफू-कायदे रद्द झाले. १९८९ सालीं त्यांत घातलेल्या ७-अ कलमानें राष्ट्रीय निधि निर्माण केला. अवैध व्यापाऱ्यांच्या सरकारजमा मालमत्तेच्या विक्रीचें उत्पन्न त्यांत जमा व्हावें, आणि व्यसनग्रस्तांच्या उपचार-पुनर्वसनास त्यांतून खर्च व्हावा, अशी ही योजना आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानें आत्महत्या कमी करण्याचे कार्यक्रम आंखणें हें सरकारचें कर्तव्य ठरविलें. २०२२ सालीं राष्ट्रीय धोरण जाहीर होऊन २०३० पर्यंत आत्महत्यांचें प्रमाण शेंकडा १० नें घटविण्याचें उद्दिष्ट ठेविलें गेलें. त्याच वर्षीं १४४१६ या क्रमांकावर दूरध्वनीनें साहाय्य मिळूं लागलें. १ जुलै २०२४ पासून ३०९ वें कलमहि उरलें नाहीं.

तथापि कर्तव्य कायद्यांत लिहिल्यानें रक्कम खर्चीं पडते असें नाहीं. हा शोध प्रतिवर्षीं अंदाजपत्रकांतच घ्यावा लागतो. मागील शतकांविषयींहि तेंच. अफूच्या परवान्यांचे कागद संग्राहक आवडीनें जपतात. कॉरोनरचे पंचनामे व धर्मार्थ दवाखान्यांच्या वह्या मात्र रद्दींत जातात. पहिल्यांवरून केवळ जमा कळते; ती कोणाच्या जिवावर झाली, हें दुसऱ्यांवांचून कळावयाचें नाहीं. ज्यांच्या संग्रहीं असे कागद असतील त्यांनीं ते शेजारीं शेजारीं ठेवून वाचावे, एवढी आमची विनंती आहे.