माथेरान गिरिस्थानाचा इतिहास

माथेरान हे महाराष्ट्रातील रायगड जिल्ह्याच्या कर्जत तालुक्यातील थंड हवेचे ठिकाण असून ते समुद्रसपाटीपासून सुमारे ८०० मीटर उंचीवर आहे. येथे मोटारवाहनांना बंदी असल्याने त्याचा इतिहास बव्हंशी डोंगर चढण्याच्या साधनांचा इतिहास आहे.

ठाण्याचे तत्कालीन जिल्हाधिकारी ह्यू मॅलेट यांनी मे १८५० मध्ये या पठाराची पाहणी केली. पुढे मुंबईचे गव्हर्नर लॉर्ड एल्फिन्स्टन यांच्या आश्रयाने येथे वस्ती वाढली. १८५६ साली लोहमार्ग नेरळपर्यंत पोहोचला, तरी पुढील चढण घोड्यावरून, पालखीतून किंवा पायीच करावी लागे. त्यामुळे उन्हाळ्यातील मुक्काम मुख्यतः सधन वर्गापुरता राहिला.

== नेरळ–माथेरान रेल्वे ==
मुंबईचे उद्योगपती सर आदमजी पीरभॉय यांच्या भांडवलावर त्यांचे पुत्र अब्दुल हुसेन यांनी १९०४ ते १९०७ या काळात हा मार्ग बांधला. त्यासाठी सुमारे १६ लाख रुपये खर्च आला. २२ मार्च १९०७ रोजी तो वाहतुकीस खुला झाला. सुमारे २१ किलोमीटर लांबीच्या या मार्गाचे रुळांमधील अंतर अवघे दोन फूट आहे आणि सर्वांत तीव्र चढ २० फुटांना १ फूट आहे. बार्शी लाइट रेल्वेशी निगडित अभियंता एव्हरार्ड कॅलथ्रॉप यांनी आखलेली वाफेची इंजिने जर्मनीतील ओरेनश्टाइन अँड कोपेल कंपनीने बनवली. त्यांचे टोकांचे आस वळणानुसार सरकत असत. अशा तीव्र वळणांवर ही युक्ती निर्णायक ठरली. जुलै २००५ च्या अतिवृष्टीत मार्ग उखडला व २००७ मध्ये पूर्ववत झाला. २०१९ च्या पावसाळ्यानंतर बंद पडलेली नेरळपासूनची सेवा ऑक्टोबर २०२२ मध्ये पुन्हा सुरू झाली.

== वाहनबंदी आणि श्रमिक ==
केंद्र सरकारने २००३ मध्ये माथेरान परिसर पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र घोषित केला. मोटारी दस्तुरी नाक्यावर थांबतात. तेथून पुढे पर्यटक चालत, घोड्यावरून, शेजारच्या अमन लॉज स्थानकातून शटल गाडीने किंवा हातरिक्षाने गावात येतात. पर्यटकांना लाभलेल्या शांततेचा भार अशा रीतीने हातरिक्षा ओढणाऱ्यांच्या खांद्यांवर पडला, ही बाब प्रवासवर्णनांत क्वचितच येते. ई-रिक्षांचा प्रायोगिक वापर डिसेंबर २०२२ मध्ये सुरू झाला. ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हातरिक्षाची प्रथा अमानवी ठरवून ती सहा महिन्यांत बंद करण्याचा व चालकांचे पुनर्वसन करण्याचा आदेश दिला.