दंतमूल पृष्ठाचे रासायनिक संस्करण

परिदंत रोगात (दाताच्या आधारक ऊतकांच्या विकारात) उघड्या पडलेल्या दंतमुळाशी ऊतके पुन्हा जोडली जावीत, यासाठी मुळाच्या पृष्ठावर रसायन लावण्याची क्रिया. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस काही दंतवैद्यांनी यासाठी अम्ले वापरली होती. मूळ खरवडल्यावर त्यावर सूक्ष्म चुऱ्याचा लेप उरतो; अम्लाने तो व पृष्ठीय खनिजे विरघळून कोलॅजेन तंतू उघडे होतात. रजिस्टर व बर्डिक यांनी १९७५ मध्ये प्राण्यांवरील प्रयोगांत, १ पीएच मूल्याचे सायट्रिक अम्ल २ ते ३ मिनिटे लावल्यास पुनर्जोडणी त्वरेने होते, असे दाखविले. पुढे टेट्रासायक्लीन व ईडीटीए यांचाही वापर झाला. तथापि २००३ मध्ये मारिऑटी यांनी घेतलेल्या पद्धतशीर आढाव्यात चिरकारी रोगाच्या रुग्णांना या तिन्ही द्रव्यांपासून लक्षणीय लाभ आढळला नाही. त्यामुळे मूळ खरवडून स्वच्छ करणे हाच उपचाराचा पाया राहिला.