कोटाखालचे शेत

वेल्स आणि इंग्लंडच्या सरहद्दीवर, सेव्हर्न नदीपासून जवळच, झाडीने वेढलेला मातीचा एक उंचवटा आहे. वेल्श भाषेत त्याला ‘हेन डोमेन’, म्हणजे ‘जुने टेकाड’ म्हणतात. टेकाड म्हणण्यापुरतेच, ते माणसांनी रचलेले आहे.

१०६६ मध्ये इंग्लंड जिंकल्यावर राजा विल्यमने ही सरहद्द विश्वासू सरदारांकडे सोपवली. त्यांपैकी श्रूजबरीचा अर्ल रॉजर याने १०७० च्या दशकात येथे कोट उभारला आणि त्याला नॉर्मंडीतील आपल्या ठिकाणाचे नाव दिले: मॉन्टगोमेरी. भोवती खंदक खणायचा, निघालेली माती आत टाकून चोपायची, माथ्यावर लाकडी बुरूज चढवायचा. या उंचवट्याला ‘मॉट’ म्हणत. शेजारचे तटबंद आवार म्हणजे ‘बेली’. चुना नको, गवंडी नको. फावडी, कुऱ्हाडी आणि राबवून घेता येतील अशी माणसे असली की झाले.

१०८६ च्या ‘डूम्सडे’ पाहणीत या मुलखाची नोंद आहे: जमीन पडीक, पूर्वी तीन सरदार तिचा उपयोग शिकारीसाठी करीत. एवढेच वाचले तर अर्लने निर्जन रानात कोट बांधला, असेच वाटेल.

१९६० मध्ये फिलिप बार्कर यांनी येथे उत्खनन सुरू केले. ते तीस वर्षांहून अधिक काळ चालले. बेलीच्या तळाशी, तटाच्याही खाली, नांगरटीचे वरंबे निघाले. दप्तरातला ‘पडीक’ हा शब्द खोटा नव्हता, अपुरा होता. रान होण्यापूर्वी ते कुणाचे तरी शेत होते. त्या कुणब्यांचे नाव कोणत्याही नोंदीत नाही.

लाकडी कोट म्हणजे तात्पुरती सोय, हा समजही येथे टिकत नाही. १०९५ मध्ये वेल्श सैन्याने तो जिंकून आतली शिबंदी कापून काढली. तो पुन्हा उभा राहिला. पुढे तो बाल्डविन या सरदाराकडे गेला; मॉन्टगोमेरी गावाचे वेल्श नाव ‘त्रेवाल्डविन’ त्याच्यावरूनच पडले. खांब कुजले की बदलले, खंदकावरचा पूल पुनःपुन्हा बांधला. दीडशे वर्षे हे चालले. एवढ्या काळाच्या मानाने ऐश्वर्याच्या वस्तू मात्र फारच थोड्या सापडल्या. सरहद्दीवरचे सरदारी जिणे असे रूक्ष होते.

१२२३ मध्ये तिसऱ्या हेन्रीने सुमारे दीड किलोमीटरवरच्या खडकावर दगडी किल्ला बांधायला घेतला. मॉन्टगोमेरी हे नाव तिकडे गेले. इथे ‘जुने टेकाड’ उरले.