शहापूर–मुरबाड : जाणे-येणे आणि वाटा

शहापूर–मुरबाड : ठाणे जिल्ह्याच्या पूर्व भागातील, सह्याद्रीच्या पायथ्याला लागून असलेले दोन ग्रामीण तालुके. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा वेगळा झाल्यावर ठाणे जिल्ह्यात सात तालुके उरले. त्यांतला शेतीचा, जंगलाचा आणि पाड्यांचा मुलूख मुख्यतः या दोन तालुक्यांत आहे. २०११च्या जनगणनेनुसार शहापूरची लोकसंख्या सुमारे ३.१४ लाख आणि मुरबाडची सुमारे १.९ लाख होती. कुणबी व आगरी यांच्याबरोबर ठाकर, कातकरी, महादेव कोळी आणि वारली यांची मोठी वस्ती आहे. भात हे मुख्य पीक; उताराच्या वरकस जमिनीत नाचणी आणि वरी. भातसा, काळू, शाई, मुरबाडी, बारवी आणि तानसा या येथील नद्या असून उत्तरेला वैतरणा आहे.

येथे फिरायला निघणाऱ्याने एक गोष्ट आधी ध्यानात घ्यावी. या मुलखातल्या मोठ्या वाटा घाटमाथ्यावरून बंदराकडे किंवा मुंबईकडे जाणाऱ्यांसाठी झाल्या. त्यामुळे पूर्व–पश्चिम प्रवास सोपा आहे. एका खोऱ्यातून शेजारच्या खोऱ्यात जायचे, तर नदी किंवा डोंगराची सोंड आडवी येते आणि वेळ दुप्पट लागतो.

यांतली सर्वांत जुनी वाट नाणेघाटाची. कल्याण–सोपाऱ्याच्या बंदरांतून जुन्नर आणि पुढे पैठणकडे जाणारा सातवाहनकालीन व्यापार या घाटाने चढत असे. घाटमाथ्यावरच्या लेण्यात राणी नागनिकेचा ब्राह्मी लेख आहे. त्यात यज्ञांच्या दक्षिणा आकड्यांत कोरल्या असल्यामुळे भारतीय अंकांच्या इतिहासात त्याला मोठे स्थान आहे. जकातीचा म्हणून दाखवला जाणारा दगडी रांजण खिंडीच्या तोंडाशी आहे. लेणे जुन्नर तालुक्यात मोडते, पण खरी चढण मुरबाडच्या बाजूने, वैशाखऱ्याच्या पुढे मुख्य रस्ता सोडून सुरू होते. गाडीने वरून येऊन लेणे पाहता येते. तरी जमेल त्याने पायीच चढावे, कारण बैलांच्या तांड्यांचा तो रस्ता कसा होता हे चढतानाच समजते.

रेल्वे शहापूर तालुक्यातूनच गेली. जी.आय.पी. कंपनीचा रूळ कल्याणहून वासिंदला १८५५ मध्ये, आसनगावला १८६० मध्ये आणि कसाऱ्याला १८६१ मध्ये पोहोचला. थळघाट चढून इगतपुरी गाठायला १८६५ उजाडले. आज उपनगरी लोकल कसाऱ्यापर्यंत जाते. शहापूर गावासाठी आसनगावला उतरून शेअर रिक्षाने सुमारे तीन किलोमीटर जावे लागते. तानसा धरणाला आटगाव सोयीचे. नाशिकला जाणाऱ्या शेअर गाड्या कसारा स्थानकाबाहेर मिळतात. आसनगावच्या पुढे लोकल कमी आहेत, म्हणून परतीची वेळ आधीच पाहून ठेवावी. मुंबई–नाशिक महामार्ग शहापूरवरून जातो. समृद्धी महामार्गाचा इगतपुरी–आमणे हा शेवटचा टप्पा जून २०२५ मध्ये खुला झाला असून त्याचा तालुक्यातला फाटा खुटघरला आहे.

मुरबाडला रेल्वे नाही. कल्याण–मुरबाड लोहमार्गाची मागणी जुनी आहे. तो होईपर्यंत सारी मदार एस.टी.वर आणि टमटमवर. कल्याणहून गाड्या सुटतात. शहाड, म्हारळ, गोवेली, मुरबाड, सरळगाव, टोकावडे असा हा रस्ता पुढे माळशेज घाटाने नगरकडे जातो. उल्हास नदी फुगली की रायत्याचा पूल बंद होतो आणि तालुक्याचा कल्याणशी असलेला सरळ संबंध तुटतो. माळशेजला दरडींचे भय असते. धबधबे आणि धरणांच्या परिसरात पावसाळ्यात प्रशासन वेळोवेळी मनाई लागू करते, ती पाळावी.

शहापूर तालुक्यात आसनगावजवळचा माहुली किल्ला पळसगड, माहुली आणि भंडारगड अशा तीन भागांचा आहे. १६३६ मध्ये शहाजीराजांनी येथेच वेढ्यात सापडून निजामशाहीचा शेवटचा लढा थांबवला. मुरबाडमधील गोरखगडाला म्हसामार्गे देहरीला जावे. सिद्धगडाच्या पायथ्याची वाट नारिवलीवरून जाते. सिद्धगडाच्या परिसरात २ जानेवारी १९४३ रोजी स्वातंत्र्यसैनिक भाई कोतवाल आणि हिराजी पाटील इंग्रज पोलिसांच्या गोळीबारात हुतात्मा झाले. दरवर्षी त्या दिवशी माणसे अभिवादनाला जमतात. सिद्धगडाला जायचे, तर याच दिवशी जावे. पौष पौर्णिमेपासून म्हशाला खांबलिंगेश्वराची यात्रा भरते. तिचा बैलबाजार नावाजलेला असून त्या काळात म्हशाचा रस्ता गाड्या आणि जनावरांनी भरून जातो.

पाण्याची वाटही मुंबईकडेच जाते. तानसा धरण १८९२चे, त्यानंतर मोडकसागर, भातसा आणि २०१४ मधले मध्य वैतरणा. मुंबईचे जवळजवळ निम्मे पाणी एकट्या भातसाचे आहे. धरणातून सोडलेले पाणी नदीच्या पात्रातूनच पिसे येथील बंधाऱ्यापर्यंत वाहत जाते. वर्षाला अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडूनही कसारा आणि डोळखांब पट्ट्यातील अनेक पाड्यांवर उन्हाळ्यात टँकर येतो. खडक पाणी धरत नाही आणि साठलेले पाणी उंचावरच्या पाड्यांकडे चढवण्याच्या योजना रखडत आल्या आहेत. एप्रिल–मे महिन्यांत येणाऱ्याने पिण्याचे पाणी बरोबर आणावे, गावच्या विहिरीवर भार टाकू नये.

शहापूरहून मुरबाडला जायला सापगावजवळ भातसा ओलांडावी लागते. दुसरी वाट किन्हवली–सरळगावची. कर्जत–खोपोलीकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग ५४८ए शहापूर आणि मुरबाड यांना जोडतो. आतल्या पाड्यांना अजून पक्का रस्ता नाही तेथे पावसाळ्यात आजाऱ्याला किंवा बाळंतिणीला डोलीत घालून डांबरी रस्त्यापर्यंत आणतात. मुक्कामी एस.टी.चे मोल अशा ठिकाणी कळते : ती रात्री गावात थांबते आणि पहाटे विद्यार्थी, दूधवाले व कामावर जाणारे यांना घेऊन निघते. आडवी वाट सर्वांत लांब चालला तो आजोबा नावाचा बिबट्या. २००९ मध्ये गळ्यात जीपीएस पट्टा बांधून माळशेजला सोडलेला हा बिबट्या कसाऱ्याजवळचे रूळ आणि महामार्ग ओलांडून तानसाच्या जंगलातून मुंबईच्या राष्ट्रीय उद्यानापर्यंत पोहोचला. वन्यप्राण्यांची ही वाट अजून वापरात आहे, म्हणून तानसा अभयारण्याच्या आसपास अंधार पडल्यावर गाडी सावकाश चालवावी.