तारीख बदलायची, पण कोणती?

मिरजेचे वासुदेवशास्त्री खरे यांनी पटवर्धन सरदारांच्या दप्तरातली पत्रं १८९७पासून ‘ऐतिहासिक लेखसंग्रह’ या नावानं छापायला घेतली. राजवाड्यांच्या ‘साधनां’चा पहिला खंड १८९८ला आला. दोघांपुढे अडचण एकच. मराठेशाहीतल्या कितीतरी पत्रांवर ‘छ. ५ जिल्हेज’ अशी नुसती हिजरी महिन्याची तारीख असते, साल नसतंच. मग फौज कुठं आहे, कोण हयात आहे, हे मजकुरातून ताडून साल ठरवायचं. राजवाड्यांचा खंड उघडून बघा: ठरवलेली तारीख पत्राच्या वर, मथळ्यात आहे. मूळ मजकूर खाली, जसाच्या तसा. संपादकाचा अंदाज चुकला असेल, तर तुम्ही तो आजही तपासू शकता.

आता तुमच्या लॅपटॉपकडे या. सातारा-सांगलीकडच्या एखाद्या घरातल्या रुमालाचे तुम्ही चारशे फोटो काढलेत. कॅमेऱ्याचं घड्याळ दोन तास मागे होतं, मित्राच्या मोबाइलचं बरोबर. दोन्ही फोटो एकत्र केले की क्रम विस्कटतो. आणि क्रम गेला, की कोणत्या कागदाशेजारी कोणता कागद होता हा पुरावाच जातो. म्हणजे इथं तारीख दुरुस्त करायलाच हवी.

युनिक्स-लिनक्सवर त्यासाठी ‘टच’ ही आज्ञा आहे. पण काळ्या खिडकीत आज्ञा टंकायला इतिहासाचे विद्यार्थी बिचकतात. फाइलवर राइट-क्लिक करून ‘प्रॉपर्टीज’ उघडलं, तर तारखा दिसतात, पण बहुतेक ठिकाणी बदलता येत नाहीत. तिथंच बदलायची सोय असावी, ही मागणी रास्तच आहे. प्रश्न एवढाच, की त्या चौकटीत नेमकं काय बदलतं?

जुन्या पत्रावर लिहिल्याची तारीख वेगळी आणि ‘पैवस्ती’, म्हणजे पोचल्याची, वेगळी. फाइलचंही तसंच. विंडोजवर फाइल कॉपी केली, की ‘मॉडिफाइड’ तारीख जुनीच राहते, पण ‘क्रिएटेड’ आजची होते. ती खरं तर पैवस्तीच! लिनक्सवर ‘टच’नं वाचल्याची आणि मजकूर बदलल्याची वेळ बदलता येते, फाइलची नोंद बदलल्याची वेळ मात्र यंत्रणा स्वतःच टाकते. शिवाय फोटोच्या पोटात कॅमेऱ्यानं लिहिलेली एक्झिफ तारीख असते. फाइलची तारीख बदलली तरी ती हलत नाही. म्हणून आधी ती बघा.

एक मोह टाळा. पत्र १७६१चं आहे म्हणून फाइललाही १७६१ साल द्यायचं नाही. लिनक्सवरची प्रचलित ईएक्सटी४ व्यवस्था तर १९०१च्या मागे जातच नाही. पण जिथं जमतं तिथंही नको, कारण फाइलची तारीख फोटोची असते, पत्राची नाही. पत्राची तारीख फाइलच्या नावात किंवा वेगळ्या तक्त्यात लिहा.

सोय करणाऱ्यानं आणि वापरणाऱ्यानंही तीन गोष्टी पाळाव्यात. कोणती तारीख बदलतोय ते स्पष्ट दिसावं. सगळ्या फाइली सारख्याच फरकानं पुढं-मागं सरकाव्यात. आणि जुनी तारीख, नवी तारीख व कारण यांची नोंद राहावी. ही नोंद म्हणजे तुमचा मथळा. ती नसेल, तर दहा वर्षांनी तुमच्या फोटोंवर काम करणाऱ्याला दुरुस्ती आणि बनवाबनवी यांतला फरक कळणार कसा?