नाणेघाट ते वसई : उल्हास खाडीच्या जलमार्गावरील ऐतिहासिक स्थळे

उल्हास नदीचे मुख आणि तिची खाडी हा उत्तर कोकणातील सर्वांत जुन्या व्यापारी जलमार्गांपैकी एक आहे. कल्याणपासून पश्चिमेकडे निघालेली ही खाडी ठाण्याच्या उत्तरेस दोन वाटांनी जाते. मुख्य प्रवाह घोडबंदरवरून वसईला समुद्रास मिळतो, तर दुसरा फाटा ठाणे शहराला वळसा घालून मुंबई बंदराकडे उतरतो. या दोन फाट्यांच्या आणि समुद्राच्या मध्ये साष्टी बेट आहे. होडीतून या पाण्यावर जाणाऱ्याला दुर्गाडी, ठाणे, घोडबंदर आणि वसई ही ठिकाणे ओळीने भेटतात. त्यांचा उगम मात्र समुद्रात शोधून चालत नाही. तो घाटपायथ्याला, आजच्या मुरबाड तालुक्यात आहे.

मुरबाडहून माळशेज घाटाकडे जाणाऱ्या रस्त्यावर टोकावडे हे बाजाराचे गाव आहे. त्याच्या पुढे वैशाखऱ्याच्या बाजूने नाणेघाटाची पायवाट चढते. देशावरील जुन्नर आणि कोकणातील बंदरे यांना जोडणारी ही वाट सातवाहनांनी राखली. माथ्याजवळ कातळात खोदलेल्या लेण्यात नागनिका राणीचा ब्राह्मी लेख आहे. त्यात अश्वमेधासह अनेक यज्ञांची आणि त्यांत दिलेल्या गाई, घोडे, हत्ती व कार्षापण नाण्यांच्या दक्षिणेची यादी आहे. या यादीतील आकडे भारतातील सर्वांत जुन्या अंकलेखनापैकी गणले जातात. मागच्या भिंतीत राजघराण्यातील व्यक्तींचे पुतळे होते. आज त्यांची पावले आणि वर कोरलेली नावे तेवढी उरली आहेत. सिमुक सातवाहन, नागनिका आणि सातकर्णी ही नावे त्यांत वाचता येतात. 1828 मध्ये विल्यम साइक्स यांनी या लेण्याची माहिती प्रथम प्रसिद्धीस आणली. खिंडीच्या तोंडाशी दगडाचा मोठा रांजण आहे. वाटसरूंकडून घेतलेली जकात त्यात टाकली जाई, असे परंपरा सांगते.

घाटातून गाड्या जात नसत. माल बैलांच्या पाठीवर आणि माणसांच्या डोक्यावर उतरे. मुरबाड ओलांडून हे तांडे कल्याणला पोहोचत आणि तेथे ओझे होडीत चढे. परतीच्या वाटेवर मीठ, सुकी मासळी आणि नारळ देशावर जात. मुरबाड तालुक्यातून वाहणारी काळू नदीही कल्याणजवळ उल्हासलाच मिळते. तालुक्याचे पाणी आणि घाटावरचा माल एकाच खाडीला लागत.

कल्याणचे महत्त्व या जागेमुळेच वाढले. भरतीचे पाणी येथपर्यंत चढते, त्यामुळे समुद्रावरची होडी भरतीबरोबर आत येई आणि ओहोटीबरोबर बाहेर पडे. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासग्रंथात कल्याणचे नाव आहे. पूर्वी येथे उघड व्यापार चाले, पुढे येथे आलेली ग्रीक जहाजे पहाऱ्यात भडोचला नेली जाऊ लागली, असे त्यात नोंदले आहे. पश्चिम क्षत्रप आणि सातवाहन यांच्या स्पर्धेचा हा परिणाम मानला जातो. कान्हेरीच्या लेण्यांत कल्याणच्या व्यापाऱ्यांची दाने कोरलेली आहेत आणि कल्याणच्या दात्यांची नावे घाटावर जुन्नरच्या लेण्यांतही सापडतात. सहाव्या शतकात कॉस्मस या ग्रीक व्यापाऱ्याने कल्याण हे मोठे बंदर असल्याचे लिहून ठेवले.

1657 मध्ये छत्रपती शिवाजी महाराजांनी कल्याण आणि भिवंडी घेतली. मराठ्यांच्या आरमाराची उभारणी याच खाडीत सुरू झाली. जहाजबांधणीसाठी पोर्तुगीज कारागीरही कामावर होते. खाडीकाठच्या टेकडीवरील दुर्गाडी किल्ला हा त्या काळाची खूण आहे. तटबंदीचा थोडाच भाग शिल्लक आहे, पण बुरुजावर उभे राहिले की खाडीचे वळण दिसते आणि ही टेकडी का निवडली हे सांगावे लागत नाही. येणारी प्रत्येक होडी येथून नजरेच्या टप्प्यात येई.

खाडीने पुढे गेल्यावर ठाणे लागते. शिलाहारांच्या काळात श्रीस्थानक म्हणून ते राजधानीचे नगर होते. कौपिनेश्वराचे मंदिर आणि मासुंदा तलाव ही या जुन्या नगराची ओळख आहे. पोर्तुगीजांनी 1730 मध्ये येथे किल्ला बांधायला घेतला. तो पुरा होण्याआधीच 1737 मध्ये चिमाजी आप्पांच्या मोहिमेत मराठ्यांनी ठाणे आणि साष्टी जिंकली. 1774 च्या डिसेंबरात इंग्रजांनी किल्ला घेतला आणि पुढे त्याचा तुरुंग केला. सह्याद्रीच्या महादेव कोळ्यांना एकत्र करून इंग्रजांविरुद्ध उठलेले राघोजी भांगरे यांना 2 मे 1848 रोजी येथे फाशी झाली. नाशिकचे क्रांतिकारक अनंत कान्हेरे, कृष्णाजी कर्वे आणि विनायक देशपांडे यांनाही 19 एप्रिल 1910 रोजी येथेच फाशी देण्यात आली. राघोजींच्या आठवणीमुळे घाटपायथ्याच्या आदिवासी पाड्यांसाठी ठाण्याचा किल्ला हे केवळ पाहण्याचे स्थळ नाही, तो स्मरणाचा ठेवा आहे.

ठाण्याहून मुंबईकडे उतरणाऱ्या फाट्यावर खारफुटीचे दाट पट्टे आहेत. हिवाळ्यात येथे हजारो रोहित पक्षी उतरतात. 2015 मध्ये हा भाग अभयारण्य झाला आणि 2022 मध्ये त्याला रामसर पाणथळ स्थळाचा दर्जा मिळाला.

वसईकडे जाणाऱ्या मुख्य खाडीवर घोडबंदर आहे. समुद्रमार्गे आलेल्या घोड्यांचा व्यापार येथे चाले. पोर्तुगीजांनी बांधलेला येथील किल्ला खाडीची अरुंद वाट अडवून धरतो. वसई आणि ठाणे यांच्या मधला हा दुवा मराठ्यांनी 1737 मध्ये तोडला. वसईवरच्या अंतिम मोहिमेचा पाया तेव्हाच घातला गेला.

खाडीच्या मुखाशी वसईचा किल्ला आहे. गुजरातचा सुलतान बहादूरशहा याने 1534 च्या तहाने वसई पोर्तुगीजांना दिली. त्यांनी येथे आपल्या उत्तर प्रांताची राजधानी केली. दहा कोनी तट, तीन बाजूंना पाणी आणि दलदल, जमिनीकडून एकच वाट, अशी ही रचना आहे. जमिनीकडील दरवाजातून आत शिरणाऱ्याला सरळ पुढे जाता येत नाही. दोन दारांच्या मध्ये वाट वळते आणि दोन्ही अंगांनी तट उभा राहतो. आत चर्चच्या छत नसलेल्या भिंती, कमानी आणि कोरीव थडगी आहेत. नागासाकी येथे 1597 मध्ये हुतात्मा झालेले संत गोन्सालो गार्सिया हे वसईचेच होते.

1739 च्या वेढ्यात मराठ्यांनी तटाखाली सुरुंग खणले. मे महिन्यात ते उडवून तटाला खिंडारे पाडली आणि पोर्तुगीजांनी शरणागती पत्करली. चिमाजी आप्पांनी त्यांना कुटुंबे आणि सामानासह जाऊ दिले. येथील चर्चच्या घंटा मराठ्यांनी देवळांना वाहिल्या. भीमाशंकरची घंटा त्यांपैकीच मानली जाते. 1780 च्या अखेरीस इंग्रज सेनापती गॉडर्ड याने वसई घेतली. दुसऱ्या बाजीरावाचा इंग्रजांशी तह याच गावी 31 डिसेंबर 1802 रोजी झाला.

या जलमार्गाचा ऱ्हास वाहतुकीच्या बदलाने झाला. 1830 मध्ये बोरघाटातून गाडीरस्ता खुला झाला आणि नाणेघाटाची वर्दळ ओसरली. 16 एप्रिल 1853 रोजी बोरीबंदर ते ठाणे रेल्वे धावली, 1854 मध्ये ती कल्याणला पोहोचली. माल होडीतून उतरून डब्यात चढला. मासेमारी आणि रेतीची वाहतूक तेवढी पाण्यावर राहिली. मुंब्र्याचे रेतीबंदर आजही त्याच नावाने ओळखले जाते.

2016 च्या कायद्याने या खाडीला राष्ट्रीय जलमार्ग 53 म्हणून स्थान मिळाले. वसई आणि भाईंदर यांच्यामध्ये 2024 पासून रो-रो बोट चालते. पाण्यावरून इतिहास पाहण्याची सोय त्यामुळे पुन्हा जवळ आली आहे. मात्र दुर्गाडी, ठाणे, घोडबंदर आणि वसई हे चार सुटे किल्ले नाहीत. एकाच व्यापारी वाटेवरचे ते चार पहारे आहेत. ते नीट समजायचे तर आधी टोकावड्याच्या पुढे नाणेघाट चढावा आणि मग कल्याणहून खाडीने वसई गाठावी.